दुधात दिवा

आमच्या सोसायटीच्या हिशेबाच्या फायलीत गेल्या कोजागिरीचं एक व्हाउचर आहे. त्यावर काय लिहिलंय ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर रहस्य राहणार नाही, आणि रहस्याचं मातेरं करायची माझी एक खेप होऊन गेलेली आहे.

मी पेशाने ऑडिटर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरांकडे संशयाने बघण्यात गेली, त्यामुळे संशय या विषयात आपल्याला गती आहे असा माझा समज होता. त्यात गेल्या पावसाळ्यात मी दोन दिवसांच्या चित्रपट रसग्रहण शिबिराला जाऊन आलो. शिबिराहून आलेला माणूस आणि काशीहून आलेला माणूस, दोघांनाही चार लोकांना ऐकवल्याशिवाय करमत नाही. पण काशीवाला निदान गंगेचं पाणी आणतो. मी आणला हिचकॉक.

भाद्रपदात कमिटीच्या मीटिंगला विषय निघाला, की कोजागिरीला दर वर्षीचा कराओके यंदा नको. खजिनदार सोडून सगळ्यांचं एकमत झालं. (गातात ते खजिनदारच.) मग त्याऐवजी काय, या प्रश्नावर जी शांतता पसरली तिच्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आपणच एक दहा मिनिटांचा रहस्यपट काढू. गच्चीवर चादर लावून दाखवू." ठराव पास झाला. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा ठराव तीन वर्षं लोंबकळतोय, पण दुसऱ्याच्या गळ्यात पडणारं काम असलं की मिनिटात पास होतं.

घरी येऊन मी हिला गोष्ट सांगितली. म्हणजे माझी नव्हे, हिचकॉकच्या 'सस्पिशन'ची. साल १९४१. नवरा केरी ग्रँट, बायको जोन फॉन्टेन. नवरा आपल्या जिवावर उठलाय असा तिला संशय. एका रात्री तो तिच्यासाठी दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो. खाली अंधार. भिंतीवर खिडकीच्या चौकटींची सावली अशी पसरलेली, की घरभर कोळ्याने जाळं विणलंय. नवऱ्याचं तोंडसुद्धा धड दिसत नाही. दिसतो फक्त ग्लास, पांढराशुभ्र, जणू आतून उजळलेला. आणि तो खरोखरच आतून उजळलेला होता! हिचकॉकने दुधात चक्क बल्ब ठेवला होता, कारण बघणाऱ्याची नजर ग्लासावरून ढळता कामा नये.

"मग त्या दुधात विष असतं?" हिने विचारलं.

"तेच तर कळत नाही. ती पीतच नाही. सकाळी ग्लास तसाच भरलेला."

"रात्रभर उघडा?" ही म्हणाली. "मग नासलंच असणार. विष कशाला लागतंय."

शिबिरात मला जे दोन दिवस लागले ते हिला समजावायला दोन आठवडे लागले, आणि तरी समजलं नाहीच. मी म्हणालो, चाकू बघून कोणीही घाबरतं, त्यात दिग्दर्शकाचं काय कौतुक? दुधाला घाबरायला लावणं ही कला. हिचकॉकला दुधाचं जरा वेडच होतं. 'स्पेलबाउंड'मध्ये ग्रेगरी पेक दूध पितो तेव्हा आपल्याला ग्लासाच्या तळातून बघायला लावलंय, सगळा पडदा दुधाने भरून जाईपर्यंत. 'सायको'त तो मोटेलवाला पोरगा पाहुणीसाठी सँडविचबरोबर दूधच घेऊन येतो. हा माणूस इंग्लंडमध्ये जन्मला ही नियतीची चूक. त्याने डोंबिवलीत जन्म घेऊन कोजागिरीची कमिटी सांभाळायला हवी होती. मूळ कादंबरीत नवरा खरंच खुनी आहे आणि बायको जाणूनबुजून दूध पिते, पण केरी ग्रँटला खुनी दाखवायचा कसा, म्हणून सिनेमात शेवट बदलला. यावर ही म्हणाली, "बघ, म्हणजे दूध चांगलंच होतं."

तर ठरलं. सिनेमाचं नाव 'शेवटचा घोट'. कराओके गेल्याची भरपाई म्हणून नवऱ्याची भूमिका खजिनदारांना. बायको ही. कॅमेरा भाच्याचा, म्हणजे त्याचा मोबाइल. दिग्दर्शन, पटकथा आणि अपमान माझ्याकडे.

पहिला प्रश्न प्रॉपर्टीचा. नाटकवाले आणि सिनेमावाले रंगमंचावरच्या प्रत्येक वस्तूला प्रॉपर्टी म्हणतात. सोसायटीत हा शब्द उच्चारताच दोन सभासदांनी बिल्डरचं काय झालं असं विचारलं. मला दुधाच्या जोडीला एक हत्यार हवं होतं, निव्वळ ओट्यावर पडलेलं दिसायला. आमच्या घरातलं धारदार म्हणावं असं एकच, सासूबाईंची विळी. विळीत नाट्य भरपूर आहे, पण एक मूलभूत अडचण आहे. विळी उगारता येत नाही. ज्याचा खून व्हायचा त्याने आपण होऊन विळीपाशी यायला लागतं, आणि खुन्याने तोवर पाटावर पाय ठेवून बसून राहायचं. 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये बाईच्या हाताला शिवणाच्या टोपलीजवळची कात्री लागते आणि मारेकरीच मरतो. आमच्या घरातली कात्री गेली दहा वर्षं कोणाच्याच हाताला लागलेली नाही.

मग दिवे मंद करून बघू म्हटलं. 'गॅसलाइट' नावाचा १९४४चा सिनेमा आहे. नवरा चोरून माळ्यावर जातो, तिथला गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतला दिवा मंदावतो, आणि बायकोला वाटतं आपल्यालाच वेड लागतंय. इंग्रिड बर्गमनला त्यात ऑस्कर मिळालं. आमच्याकडे दिवा मंद झाला की बायको नवऱ्याचा संशय घेत नाही. ती खिडकीतून समोरच्या विंगला विचारते, "तुमच्याकडेही का हो?"

राहिल्या सावल्या. सावल्यांबद्दल मी शिबिरात वहीची अकरा पानं भरली होती. जर्मनांनी १९२०च्या 'कॅलिगरी'त तर सावल्या सरळ नेपथ्यावर रंगवूनच टाकल्या होत्या. १९२२च्या 'नॉस्फेराटू'त पिशाच जिना चढतं तेव्हा ते स्वतः दिसतच नाही, भिंतीवरून सरकते ती त्याची लांब बोटांची सावली. आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं समजू नका. बॉम्बे टॉकीजने योसेफ विर्शिंग नावाचा जर्मन छायाचित्रकार मालाडला आणला होता. १९४९च्या 'महल'मध्ये झोपाळ्यावरची मधुबाला आणि अंधारात तिच्यामागे ओढला जाणारा अशोककुमार, ही त्याच माणसाच्या दिव्यांची करामत. त्या लोकांचा अंधारसुद्धा कसा कमावलेला असतो! उगीच दिवा बंद केला आणि झाला अंधार, असं नाही ते. काळ्यातसुद्धा चार थर असतात, आणि त्यातल्या तिसऱ्या थरात कोणीतरी उभं असतं. म्हटलं, म्युनिकहून सावली मालाडपर्यंत येते, तर मालाडहून डोंबिवलीला यायला तिला काय दादरला गाडी बदलायची आहे?

तिला ती बदलायची होती. जिन्यात ट्यूबलाइट. ट्यूबलाइटची सावली पडत नाही, पडली तर सांडल्यासारखी पडते. प्रकाशाचा उगम लांबरुंद असला की सावलीच्या कडा विरघळतात. ठसठशीत सावली हवी तर दिवा बारका आणि दूर हवा. म्हणून मांडववाल्याकडून पाचशे वॅटचा हॅलोजन आणला आणि जिन्याच्या तळाशी ठेवला. खजिनदार पहिल्या पायरीवर उभे राहिले. भिंतीवर सावली उमटली, वर सरकू लागली, भाचा मोबाइल धरून श्वास रोखून बसला. आणि वळणावर आधी खजिनदारांचं पोट आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग खजिनदार आले.

खालून मारलेल्या प्रकाशाने माणसाचा चेहरा भेसूर दिसतो, कारण जन्मापासून आपण उजेड वरून पडताना बघितलेला असतो. तो हनुवटीखालून आला की नाकाची सावली कपाळाकडे जाते आणि ओळखीचा माणूस अनोळखी होतो. पुस्तकात असंच दिलंय. खजिनदार मात्र फ्रिज उघडून उरलेला श्रीखंडाचा डबा शोधणाऱ्या माणसासारखे दिसत होते. "अजून जरा क्रूर," मी म्हणालो. त्यांनी मेंटेनन्स थकवणाऱ्याकडे बघतात तसं बघितलं. ते बरं जमलं. पण तेवढ्यात हॅलोजनने पंपाचा एमसीबी पाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बी विंगच्या नळांना पाणी नव्हतं. 'कॅट पीपल' काढणाऱ्यांकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी बिबट्याला अंधारात ठेवलं; ओस पोहण्याच्या तलावावर नुसत्या पाण्याच्या चकाकत्या रेघा आणि गुरगुर, आणि १९४२च्या प्रेक्षकांची बोबडी वळली. हे मी बी विंगच्या लोकांना सांगून बघितलं. त्यांच्या तोंडावर टूथपेस्ट होती.

आता किल्लीचं. 'नटोरियस'मध्ये मोठी मेजवानी चालू आहे, आणि कॅमेरा वरच्या सज्जातून निघतो, झुंबरं, पाहुणे, वेटर सगळं मागे टाकत खाली खाली येतो आणि इंग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या एका किल्लीवर थांबतो. दारूच्या तळघराची किल्ली. एवढ्या माणसांत महत्त्वाची गोष्ट वीतभर नाही, हे एका शब्दाविना सांगितलं. त्यासाठी त्यांच्याकडे क्रेन होती. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची भाजीची टोपली होती, दोरीसकट. भाच्याने मोबाइल टोपलीत उताणा, मग पालथा, मग तळाला भोक पाडून बसवला. ही तळमजल्यावर तळहातात लॅचची किल्ली घेऊन उभी. मी वरून "सोड" म्हणालो.

टोपली दोरीला पीळ सुटेल तशी गरगरत निघाली. ते चित्रण आजही माझ्याकडे आहे. तिसरा मजला, जिना, तिसरा मजला, जिना, मीटरबॉक्स, मीटरबॉक्स, मीटरबॉक्स, चपलांचा स्टँड. दुसऱ्या मजल्यावर टोपली जरा थांबली. वरून आम्हाला वाटलं अडकली. चित्रणात दिसतं की एक हात आला, टोपलीत पन्नासची नोट पडली आणि आवाज आला, "पाव किलो गवार, कोवळी असेल तर." खाली हिच्या तळहातावर कॅमेरा पोचला तेव्हा किल्ली नव्हतीच. कंटाळून ही दळण आणायला गेली होती.

पण हे सगळं मी सोसलं, कारण माझा सगळा भरवसा दुधावर होता.

पहिल्या खेपेला ताटलीत मोबाइल, त्यावर टॉर्च चालू, त्यावर काचेचा ग्लास. ग्लास काय सुंदर उजळला! दूध मुळात पांढरं दिसतं तेच त्यातले स्निग्धाचे आणि प्रथिनांचे बारीक कण उजेड चहूकडे उधळतात म्हणून. त्यामुळे खालून टाकलेला प्रकाश काठापर्यंत सारखा पसरतो, ग्लास दुधाचा न वाटता चंद्राचा वाटतो. खजिनदार तो घेऊन आठ पायऱ्या चढले. नवव्या पायरीवर ताटली थरथरली, दूध थरथरलं, आणि विम्याच्या हप्त्याबद्दल फोन आला.

मग बाजारातून पाण्यावर पेटणारे दिवे आणले. दिवाळीत मिळतात ते. बुडाला दोन धातूच्या टाचण्या असतात, त्यांना पाणी लागलं की सर्किट पुरं होऊन आतला एलईडी लागतो. बाहेर काढून पुसला की विझतो. सहाचा डबा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, आत बटण सेल आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा. मी ऑडिटर, बारीक अक्षर वाचतोच. वाचलं आणि डबा टेबलावर ठेवला. दिवा दुधात सोडला तर तो वर तरंगायला लागला. खजिनदार गंगेच्या आरतीला निघाल्यासारखे दिसू लागले. म्हणून मी पाकळ्या कापल्या, उरलेल्या टिकलीएवढ्या भागाला गोंदाने दहाचं नाणं चिकटवलं आणि दिवा तळाशी बसवला. नाणं माझं. हे पुढे महत्त्वाचं आहे.

आता उजेड बरोबर होता, पण खजिनदारांची नजर ग्लासावरून हलेना. दिवा चालू आहे ना, हे ते दर पायरीवर वाकून बघायचे. खुनी नवरा दिसण्याऐवजी ते सिलिंडर गळतोय का बघणारे गृहस्थ दिसत. शेवटी जिना सोडला आणि नुसता पलंगाशेजारच्या टेबलावरचा ग्लास घेतला. अंधारी खोली, तेजाळलेला ग्लास, मागे हिची झोपेचं सोंग घेतलेली पाठ. तो शॉट बघून मी भाच्याला मिठी मारली. संकलन करताना कळलं, की दुधाच्या उजेडात शेजारचा दुसरा ग्लासही लख्ख दिसतोय, आणि त्यात सासूबाईंची कवळी आहे. प्रेक्षकाची नजर ग्लासावरून ढळता कामा नये, हे खरं. पण कुठल्या ग्लासावरून?

एवढं कळलं तेव्हा कोजागिरीचीच संध्याकाळ झाली होती. घरातलं दूध संपलेलं, कारण आधीच्या प्रत्येक खेपेचं दूध खजिनदारांनी भूमिकेची तयारी म्हणून पिऊन टाकलं होतं. गच्चीवर मात्र पंचवीस लिटर दूध आटून तयार. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळ्या. भलं मोठं पातेलं गॅसवरून उतरवून निवायला ठेवलेलं. मी ओगराळ्याने एक ग्लास भरून घेतला, टाकीच्या खोलीत नेला, दिवा आत सोडला आणि पाच मिनिटांत शॉट उरकला. कवळीविना. ग्लास पातेल्याशेजारच्या टेबलावर ठेवून मी आणि भाचा जिन्यात संकलनाला बसलो. पावणेनऊला गच्ची भरली. नऊला चादरीवर 'शेवटचा घोट' सुरू झाला. मी पहिल्या रांगेत.

लोक पहिल्या मिनिटाला हसले. खजिनदारांचं पोट वळणावर आलं तेव्हा मागून शिट्टी आली. विळी दिसली तेव्हा कोणीतरी "कांदा, कांदा" ओरडलं. मी शांत होतो. म्हटलं, तो ग्लास येऊ दे. चौथ्या मिनिटाला तो आला. आणि तो पडद्यावर बघताना माझ्या मनात सहज आलं, की खरा ग्लास कुठाय?

मी वळून टेबलाकडे बघितलं. ग्लास होता. धुऊन पालथा घातलेला.

सासूबाई शेजारीच खुर्ची टाकून पातेल्याची राखण करत होत्या. मी वाकून कुजबुजलो, "आई, यातलं दूध?"

"ओतलं की परत पातेल्यात. टाकायचं का मग? लक्ष्मी आहे ती." मग जरा आठवून म्हणाल्या, "डुबुक झालं खरं. मला वाटलं, साय असेल."

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलेली एक गोष्ट आहे. टेबलाशी दोन माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि त्या दोघांना नसेल, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं ऐकताना प्रेक्षकाला खुर्चीत बसवत नाही. ही गोष्ट मी सोसायटीत किमान सव्वीस जणांना ऐकवली होती. आता चाळीस बिऱ्हाडं गच्चीवर चिवडा खात बसली होती, पातेल्यात बटण सेल होता, आणि हे माहीत असणारा प्रेक्षक एकटा मी.

त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. मान्य. पण सिनेमाची सहा मिनिटं उरली होती हो! माझ्याच सिनेमाच्या मध्ये मीच उभा राहू? म्हटलं, दूध तर सिनेमा संपल्यावरच वाटणार. तेवढ्यात गुपचूप काढून टाकू. मी ओगराळं उचललं.

"हात धुतलेत का?" सासूबाई.

धुऊन आलो. तोवर महिला मंडळाच्या दोघी पातेल्याशी येऊन उभ्या. "तुम्ही बसा हो, तुमचा सिनेमा चाललाय." मी म्हणालो, जरा ढवळतो. त्या म्हणाल्या, साय मोडेल. 'रोप' नावाच्या सिनेमात दोघं जण मित्राचा गळा दाबून त्याला पेटीत घालतात आणि त्याच पेटीवर पाहुण्यांसाठी जेवण मांडतात. शिबिरात मला वाटलं होतं, या प्रसंगात ताण आहे तो पेटीमुळे. पेटीला हात लावू न देणाऱ्या बायकांमुळेही असू शकतो, हे तिथे सांगितलं नव्हतं.

आणि मग ए विंगमधला पाच वर्षांचा पिंट्या ग्लास घेऊन आला. "आजी, मला आधी."

सासूबाईंनी ओगराळं बुडवलं. 'सॅबोटाज'मध्ये हिचकॉकने बॉम्ब एका पोराच्या हातात देऊन त्याला बसमध्ये बसवलं आणि बॉम्ब फोडला. पुढे जन्मभर तो म्हणत राहिला, ती आपली चूक झाली. मला त्या पोराचा चेहरा दिसला. पिंट्याने ग्लास तोंडाला लावला, आणि मी झडप घालून तो हिसकावला.

पडद्याच्या उजेडात साठेक लोकांनी बघितलं, की एक पन्नाशीचा गृहस्थ लहान पोराच्या तोंडचं दूध काढून घेतो आणि त्यात बोट घालून ढवळतो. ग्लासात काही नव्हतं. पिंट्याने भोकाड पसरलं. त्याची आई काही म्हणाली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. खालून दिवा न मारताही चेहरा तसा दिसू शकतो.

सिनेमा संपला. टाळ्या पडल्या, कवळीच्या शॉटला सगळ्यांत जास्त. होय, भाच्याने घाईत जुनाच शॉट जोडला होता. सेक्रेटरी माइकवर आले. "आता प्रथेप्रमाणे सगळे दिवे बंद करून दुधात चंद्र पाडू आणि मग दूधवाटप." मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं आणि दिवे गेले.

आभाळ ढगाळ होतं. चंद्राचा पत्ता नाही. गच्चीवर असा अंधार, की शेजारच्याचा चिवडा नुसता ऐकू यावा. आणि त्या अंधारात, हळूहळू डोळे सरावतील तसं, पातेल्यात काहीतरी उजळायला लागलं. गरम दुधात गोंद सुटला होता. नाणं तळाला गेलं होतं आणि दिवा वर येऊन सायीच्या पदराखाली अडकला होता. साय आतून तांबूस पिवळी झाली होती, केशराच्या काड्या काळ्या रेघांसारख्या दिसत होत्या, आणि मधोमध वाटीएवढा मऊ, गोल उजेड. पातेल्याभोवतीच्या तिघींचे चेहरे अंधारातून नुसते तेवढ्या उजेडाने वर आले होते. पोरं गप्प झाली. पिंट्यासुद्धा. मागच्या रांगेतले लोक खुर्च्या न वाजवता उठून उभे राहिले.

"पडला," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

सेक्रेटरींनी वर बघितलं. वर ढग. त्यांनी खाली बघितलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही हात जोडले. कोणी बोलेना. अशा वेळी माणसाला जे सुचायला हवं ते मला सुचलं नाही. महिनाभर जो शब्द घोकत होतो तोच बाहेर पडला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "कट!"

दिवे लागले. भाच्याने ओगराळ्याने दिवा काढला. तो अजून चालू होता. मग मी सगळं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, सेल बंदिस्त आहे, खुशाल प्या. शेजारचे डॉक्टर म्हणाले, एक थेंब प्यायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, त्यात पाल पडली असती तर टाकलं असतं, हा तर दिवा आहे. डॉक्टरांचं ऐकलं. पंचवीस लिटर दूध रात्री अकरा वाजता सोसायटीच्या नारळाच्या बुंध्याशी गेलं. चार दिवस बी विंगने खिडक्या लावून घेतल्या होत्या. लोकांना मग चहा केला. कोरा, कारण दूध कोणाकडेच नव्हतं. तो हातात घेतला आणि ढग बाजूला होऊन चंद्र आला.

तर ते व्हाउचर. पैसे मीच भरले, पण खजिनदार कागदाला चुकत नाहीत. दूध पंचवीस लिटर, साखर, केशर, सुकामेवा, सगळं ओळीने मांडून त्यांनी खर्चाचा तपशील लिहिलाय, 'प्रकाशयोजना'. खाली माझी सही. आणि सहीच्या वर, लाल शाईत, 'वजा: पातेल्यात सापडले, रु. १०'.